बँकेतला गणपत

परतूरच्या त्या बँकेत पंखा एकच होता आणि तो साहेबाच्या डोक्यावर होता. बाकी आम्ही, म्हणजे कॅशियर, एक कारकून आणि भिंतीला टेकवलेल्या स्टुलावर मी, त्या पंख्याकडं बघत घाम पुसायचो. आता माझी नात पुण्यात कुठल्याशा वित्त कंपनीत 'इंटर्नशिप' करती. मला फोन करून सांगती, "आजी, स्टायपेंड आहे, एसी आहे, कॉफीचं मशीन आहे." मी विचारलं, "आणि शिकवतात काय?" तर म्हणाली, "मीटिंगमध्ये बसायचं, ऑब्झर्व्ह करायचं." मला फसकन हसू आलं. म्हटलं बाई, इतक्या वर्षांत एवढं सगळं बदललं, पण शिकाऊ पोरीला स्टुलावर बसवून 'बघत राहा' म्हणायची पद्धत काही बदलली न्हाई.

मी तेव्हा जालन्याला कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला होते. प्राचार्यांनी वर्गात येऊन सांगितलं की बँका आता सरकारी झाल्या, खेड्यापाड्यात चालल्या, त्यांना शिकलेली पोरं लागणार, तर ज्यांना उन्हाळ्यात बँकेत उमेदवारी करायची त्यांनी नावं द्या. पोरांनी खाली माना घातल्या. त्यांना उन्हाळ्यात आंबे खायचे होते. मी हात वर केला, कारण परतूरला माझी मावशी होती आणि मावशीच्या हातची येसर आमटी होती. एवढंच खरं कारण. पुढं सगळ्यांना सांगताना मी देशसेवा वगैरे म्हणायचे, ते सोडून द्या.

मावशीचं घर स्टेशनाच्या अलीकडच्या गल्लीत. काका स्टेशनावर तिकीट बाबू. गाडी आली की घरातली भांडी मांडणीवर किणकिणायची आणि मावशी हातातलं काम थांबवून म्हणायची, "आली बया." सकाळी कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा व्हायचा, मग बाया घोळक्यानं कामाला निघायच्या आणि त्यांच्या मागं सरकीचा तेलकट वास गल्लीत रेंगाळत राहायचा. तो वाळवणाचा हंगाम. मावशी पहाटेच गव्हाचा चीक शिजवायला घ्यायची आणि मी बँकेत जायच्या आधी घरावरच्या धाब्यावर कुरडया घालून यायचे. चीक गरम असतानाच सोऱ्यातून काढावा लागतो, हाताला चटके बसतात. शेवटी पातेल्याच्या बुडाशी उरलेला चीक मावशी मला दूध-साखर घालून वाटीत द्यायची. बँकेत दिवसभर जे काही गिळावं लागायचं ते त्या वाटीच्या जोरावर.

मावशीच्या घरात एक भाषा होती, ती तुम्हाला आधी सांगते, कारण पुढं सगळं तिच्यावरच अडलं. काकांचं नाव सोमनाथ. त्यामुळं मावशीच्या तोंडी सोमवार हा वार नव्हताच. ती म्हणायची, "महादेवाच्या वारी ये." सासऱ्यांचं नाव तुळशीराम. मला खोकला झाला तर म्हणायची, "शकू, अंगणातलीची चार पानं आण." एकदा पाहुण्या बाईनं विचारलं, "अंगणातली कोण?" तर मावशी म्हणाली, "वृंदावनात राह्यती ती." पाहुणी अजूनच गोंधळली. काकांना हाक मारायची तर मावशी भांडं आपटायची. आपटण्याचे प्रकार होते. जेवायला बोलवायचं तर ताटली, पाहुणे आले तर तांब्या, भांडण असलं तर तवा. काकांना सगळं बराबर कळायचं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं सगळ्या बाया मानत. खरं मानत की सवय होती, ते मला अजून सांगता यायचं न्हाई.

आता साहेब. साहेब पुण्याचा. इकडं बदली म्हणजे आपल्याला काळ्या पाण्यावर धाडलं, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं. सकाळी आल्याबरोबर नाकाला रुमाल लावायचा, धुळीनं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून म्हणायचा, "तुमच्याकडे धड भात मिळत नाही बुवा." मी 'न्हाई' म्हटलं की लगेच, "मिस, 'न्हाई' नाही, 'नाही'!" मला तो मिस म्हणायचा. माझं नाव शकुंतला. ते त्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, पण एकदा सांगितलेलं त्याच्या डोक्यात राहत नसे, जागा भरलेली होती. पहिल्या दिवशी मी विचारलं, मी काय काम करू? म्हणाला, "निरीक्षण. मध्ये बोलायचं नाही. बँकिंग ही गंभीर बाब आहे." मग त्यानं टाय सैल केला, पंख्याखाली पाय लांब केले आणि गंभीरपणानं पेपर वाचायला घेतला.

मग निघाला वरून हुकूम, की बायकांची खाती उघडा. लगेच दाराला कापडी फलक लागला, 'महिला बचत सप्ताह'. साहेबानं जिनिंगच्या दारात खुर्चीवर उभं राहून भाषण दिलं. स्त्री ही घराची लक्ष्मी, लक्ष्मी बँकेत राहील तर राष्ट्र बलवान होईल, वगैरे वगैरे. बाया पदराआड हसत होत्या. त्यातल्या एकीनं मला हळूच विचारलं, "आमची लक्ष्मी तर रोज त्याच्या खिशात जाती, ती तुमच्याकडं आली तर तो आम्हाला झोडपंल का तुम्हाला?" ही चंद्रभागा. तिच्याबरोबर होती सारजाबाई, मावशीच्या मागच्याच गल्लीतली. उंच, हाडापेराची, बोलायला कमी. दोघी जिनिंगात कापसातला कचरा वेचायच्या. सारजाबाईची लेक कांता सासरनं टाकलेली, कडेवर पोर घेऊन परत आलेली. तिच्या हाताला शिवण चांगलं होतं, पण मशीन नव्हतं. सारजाबाईला तिच्यासाठी मशीन घ्यायचं होतं, म्हणून वर्षभर मजुरीतनं चोरून साठवलेलं तिला बाजूला टाकायचं होतं. घरात टाकलं तर नवरा घेणार. नवरा हमाल, मनानं वाईट न्हवता, पण त्याच्या धाकट्या भावाच्या लग्नात बँड लावायचं त्यानं मनावर घेतलं होतं.

"बँड दोन घंटे वाजंल," सारजाबाई मावशीला सांगत होती, "मंग माही कांता जन्मभर काय वाजवत बसंल?"

तर बाया आल्या. खातं उघडायच्या कागदावर एक रकाना होता, 'पतीचे नाव'. साहेबानं चंद्रभागेला विचारलं, "नवऱ्याचं नाव?" ती गप्प. परत विचारलं, तर हसून म्हणाली, "पंढरीचा." मी सांगायला तोंड उघडलं, की पांडुरंग. पण साहेबाचे डोळे चमकले. त्याला खेळ सापडला. "थांबा थांबा, मिस, मध्ये बोलू नका. मी ओळखतो! विठ्ठल!" आणि लिहिलं, विठ्ठल. मग पुढची. "रामाचा भाऊ." "लक्ष्मण!" तिचा भरत होता. पंख्याखाली घाम न येणारा तो माणूस, त्या दिवशी खुशीनं घामाघूम झाला. कॅशियर आणि कारकून काम टाकून भोवती उभे. बरोबरच्या बाईनं खरं नाव सांगायला घेतलं की साहेब तिला गप्प करी, "तुम्ही नाही! खातेदारानंच सांगायचं, नियम आहे." असला नियम मी नंतर तिथल्या सगळ्या पुस्तकांत शोधला. कुठं न्हवता. त्याच्या करमणुकीचा नियम होता तो.

सारजाबाईची पाळी आली. ती खाली बघत म्हणाली, "सोंडवाला." साहेबानं टेबलावर टिचकी मारली, "सोपं आहे. गणपत!" आणि लिहून टाकलं, सारजाबाई गणपत. आता तिच्या नवऱ्याचं नाव गजानन, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत. ती नुसती उभी राहिली. तुम्ही म्हणाल, मग चुकलं म्हणून सांगायचं की. पण चुकलं म्हणायचं तर बरोबर काय ते सांगावं लागतं, आणि बरोबर ते तर तोंडातून काढायचं न्हाई. देवाला हजार नावं असतात हे आपल्याकडं आंधळ्याला ठाऊक. ह्याला एकेका देवाचं एकच माहीत, आणि तेवढ्यावर हा नवरे वाटत सुटला. मी म्हटलं, "साहेब, यांच्या मालकांचं नाव..." तर त्यानं बोट ओठावर ठेवलं. "मिस. निरीक्षण."

मी घरी येऊन मावशीला सांगितलं. मावशी भाकरी थापत होती. ती इतकी हसली की भाकरी परातीत दुमडली. "म्हणजे त्या साहेबानं अख्ख्या जिनिंगच्या बायांचे नवरे बदलून टाकले का गं?" मग हसणं थांबवून म्हणाली, "पैसा टाकताना कोणी कायी विचारत न्हाई शकू. काढताना विचारतेत." तव्यावर भाकरी टाकली आणि काकांसाठी ताटली आपटली.

मावशी म्हणाली तसंच झालं. गावातला एक शिंपी दुकान मोडून परभणीला लेकाकडं चालला होता. त्याचं पायाचं मशीन त्यानं सारजाबाईला द्यायचं कबूल केलं. पण बाजारच्या दिवशी दुपारच्या गाडीनं तो निघणार, तोवर पैसे आले तर मशीन तिचं, न्हाईतर मशीन गाडीत. बाजारच्या दिवशी सकाळीच सारजाबाई चंद्रभागेला घेऊन बँकेत हजर. नवी न्हवे, पण धुतलेली, काठ सारखे केलेली लुगडी दोघींची. कांता बाहेर पायरीवर पोराला घेऊन बसलेली.

साहेब म्हणाला, मोठी रक्कम आहे, रेशनकार्ड दाखवा. तिनं पिशवीतनं कार्ड काढून दिलं. तो बघत राहिला. "इथं लिहिलंय गजानन. आमच्याकडे आहे गणपत. बाई, तुम्ही नक्की कोणाच्या?"

कारकून मागनं म्हणाला, "साहेब, दोन असतील." आणि तो आणि कॅशियर फिदीफिदी हसले. मी त्या कारकुनाचं नाव मुद्दाम विसरले आहे.

सारजाबाईनं मान वर केली. "एकच हाय. तुम्ही चुकीचं लिवलं."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत? आता नवऱ्याला घेऊन या. तो सही करेल, मग बघू."

नवऱ्याला घेऊन ये म्हणजे बँडवाल्याला घेऊन ये. तो हमाल आला असता, पैसे बघितले असते, आणि संध्याकाळी भावाकडं निरोप गेला असता. सारजाबाईचा चेहरा उतरला. भिंतीवरच्या घड्याळाकडं तिनं बघितलं, पण तिला घड्याळ कळत न्हवतं, म्हणून माझ्याकडं बघितलं. मी स्टुलावरनं उठले. म्हटलं, "साहेब, गणपत आणि गजानन एकच देव. यांना मी ओळखते, आमच्या मागं राहतात. चूक इथंच झाली, मी बघितली, तुम्हीच मला बघायला बसवलं होतं."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू स्टूलच बोलायला लागलं. मग हसला. खुर्चीत मागं रेलला. म्हणाला, "ठीक आहे. नवऱ्याला आणू नका. यांनी स्वतःच्या तोंडानं नवऱ्याचं नाव घ्यावं, आत्ता, सगळ्यांसमोर. मी दुरुस्ती करतो, पैसे देतो. आणि नुसतं नाही हं. आम्ही ऐकलंय तुमच्याकडे बायका झकास उखाणे घेतात. होऊ द्या एक!" कॅशियरनं काउंटरची फळी वर केली आणि बाहेर येऊन उभा राहिला. कारकून टाळ्या वाजवायच्या तयारीत. बाजारचा दिवस, बँकेत माणसं होती, ती पण पुढं सरकली. मला आजही ते आठवलं की माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात. उखाणा लग्नाकार्यात, हळदीकुंकवात, बायाबायांत घेतात, आवडीनं घेतात. स्वतःचेच पैसे काढायला काउंटरपाशी उभं राहून, परक्या पुरुषांच्या करमणुकीला घेत न्हाईत. पण पंख्याखाली बसणाऱ्याला हा फरक कोण सांगणार?

सारजाबाई म्हणाली, "साहेब, नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं म्हणतेत."

"अहो, अंधश्रद्धा आहे ही!"

"असंल. पण घटलंच, तर घटलेलं तुमच्या बँकेत जमा करून घेता का? व्याजासगट?"

मागं कोणीतरी खोकलं. साहेबाचं हसू जरा आखडलं. "बाई, वेळ घालवू नका. नाव घ्या, पैसे घ्या."

तेव्हा सारजाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. मला वाटलं, घेती आता. ती म्हणाली, "घेते. पण रीतीनं घेऊ. आमच्यात कोणी आग्रह केला की आधी त्यानं घ्यायचं असतंय. तुम्ही घ्या बाईसायबाचं नाव. मंग मी घेते."

मागं रेललेला साहेब सरळ झाला. साहेब म्हणाला, "म्हणजे? माझ्या... याचा काय संबंध?"

"संबंध कायी न्हाई. नाव इचारलं."

"अहो, माझी मिसेस..."

"मिशीस?" चंद्रभागा इतकी निरागस होऊन म्हणाली की मी जन्मात विसरणार न्हाई. "अगं बया, बाईसायबाला मिशा हायत?"

जो हशा पिकला! बाहेरच्या पायरीवर कांता हसली, धोतरवाले म्हातारे हसले, आणि सगळ्यात मोठ्यानं हसला कॅशियर. साहेबाच्या डोळ्यांदेखत, तोंडावर हात न ठेवता. साहेब लाल झाला. "मिसेस म्हणजे पत्नी! आमचं कुटुंब!"

"ते झालं नातं," सारजाबाई शांतपणे म्हणाली. "नाव काय?"

आता इथं माणसानं नाव सांगून मोकळं व्हावं की न्हाई? सुशीला, प्रमिला, जे असेल ते. अंधश्रद्धा तर त्याची न्हवतीच. नाव त्याच्या ओठापाशी आलेलं मी बघितलं. पण ते नाव त्या जिनिंगच्या बायांसमोर, त्या बाजारकरूंसमोर बाहेर काढायचं, आणि त्यांनी ते ऐकायचं, हसायचं, घरी न्यायचं, हे त्याला जड गेलं. बायकोचं नाव चारचौघांत काढणं कसं वाटतं ते त्याला त्या घडीला कळलं. कळून सुधारला म्हणता? छे. तो खेकसला, "पैसे द्या त्यांना! जल्दी करा, जल्दी!"

मी म्हटलं मनात, साहेब, 'जल्दी' नाही, 'लवकर'.

सारजाबाईनं अंगठा उठवला, पैसे कमरेच्या पिशवीत खोचले, आणि जाताना दारात थांबून विचारलं, "मंग नाव दुरुस्त करायचं ना? मी घेऊ का आता?" साहेब पेपरामागनं म्हणाला, "राहू दे. गणपतच असू दे." मायलेकी आणि चंद्रभागा लुगडी सावरत शिंप्याच्या घराकडं जवळजवळ पळत गेल्या. थोड्या वेळानं गाडीची शिट्टी झाली. मी दाराशी जाऊन उभी राहिले. मावशीच्या गल्लीच्या तोंडाशी हातगाडीवर मशीन चाललं होतं, चाक उन्हात चमकत होतं, आणि कांताचं पोर मशीनच्या फळीवर बसून राजासारखं चाललं होतं. संध्याकाळी जेवताना मी काकांना सगळं सांगितलं. काका हसले, मग मावशीकडं बघून म्हणाले, "आमच्या घरात बरंय, इथं तव्यावर भागतंय."

सुट्टी संपताना साहेबानं मला प्रशस्तिपत्र दिलं. त्यात लिहिलं होतं, 'कुमारी शकुंतला यांची निरीक्षणशक्ती उत्तम आहे'. माझं नाव शेवटी त्याला सापडलं, कागदावर का होईना. मावशीनं ते पत्र वाचून बघितलं आणि कुरडयांच्या डब्याच्या बुडाला घातलं, कारण डब्याचं बूड गंजत होतं. पुढं माझं लग्न ठरलं, कॉलेज तिथंच राहिलं. त्यापुढं जे काही शिकले ते चुलीपाशी बसून, रद्दीतनं आलेले कागद वाचून. त्यामुळं बँकिंग मला येत न्हाई. बँकेतली माणसं मात्र वाचता येतात.

दोन-तीन वर्षांनी पोराला घेऊन मावशीकडं गेले. दुपारची वेळ, धाब्यावर कुरडया वाळत होत्या, आणि मागच्या गल्लीतनं मशीनचा आवाज येत होता, खडखड खडखड, मध्येच थांबणारा, परत सुरू होणारा. तेवढ्यात सारजाबाईचा आवाज आला, खणखणीत, "ओ गणपत! पाण्याला जा की, घागर रिकामी झाली!"

मी मावशीकडं बघितलं. "गणपत कोण?"

मावशी पोट धरून हसायला लागली. "अगं, तोच! गजा... बघ, माझ्या तोंडात अजून जुनंच येतंय. मशीन घरी आल्यावर दोन दिवस रुसला, मंग बँडाचं नावच सोडलं. पासबुकावर गणपत लिवलंय म्हणून सारजा म्हणाली, हे तर तुमचं नाव न्हाईच. मंग हे घ्यायला काय हरकत? तवापासनं नावानं हाक मारती. तो पण ओ देतोय. आख्ख्या गल्लीत एकटीच हाय, जी नवऱ्याला नावानं बोलवती."

तिकडनं पुरुषी आवाज आला, "आलो, आलो!" आणि घागरीचा आवाज.

आता मला बँकेतून फोन येतो. पलीकडं एक पोरगी गोड आवाजात विचारती, मॅडम, आईचं नाव सांगा. आईचं नाव सांगायला कसली लाज, मी पटकन सांगते. मग ती म्हणती, पतीचं नाव? मी फोन नातसुनेकडं देते. नातसून हसती. ती तिच्या नवऱ्याला 'अरे-तुरे' करती आणि नावानं ओरडती, छान वाटतं ऐकायला. आमचे मालक जाऊनही आता बरीच वर्षं झाली. माझ्या पासबुकावर त्यांचं नाव सुवाच्य अक्षरात, एकही काना-मात्रा न चुकता लिहिलेलं आहे. माझं खातं उघडणारा साहेब हुशार होता, विचारून लिहिलं त्यानं, बरोबर आलेल्या माझ्या भावाला. म्हणून जन्मभर मी भांडीच आपटत राहिले.